हरवलेले जहाज, हरवलेले विमान आणि कप्तानाचे नाव

अपघात होणे वेगळे आणि बेपत्ता होणे वेगळे. अपघातात मय्यत असते, जनाजा असतो, कबर असते. चार दिवस रडून का होईना, माणसे उठून कामाला लागतात. बेपत्ता माणसाच्या घरी यातले काहीच नसते. तिथे रडायचे की वाट पाहायची, हेच कोणाला कळत नाही. आपल्या फिक्हच्या किताबांत अशा माणसासाठी ‘मफकूद-उल-खबर’ हा शब्द आहे. ज्याची खबर हरवली आहे, तो मफकूद. जुन्या उलेमांनी हा शब्द योजताना माणसापेक्षा खबरीकडे लक्ष दिले, ही गोष्ट आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. कारण जहाज किंवा विमान हरवते तेव्हा समाजाची जी अवस्था होते, ती खबर हरवल्यामुळेच होते.

खबर नसली की लोक काय करतात, याचा इतिहास आपल्याकडे चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. तो विमानांपासून सुरू होत नाही. त्याची सुरुवात आगबोटींपासून होते. आणि या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा समोर येते, ते कप्तानाचे. कधी ते हाजी कासम असते, कधी शेख सुलेमान, कधी झहारी अहमद शाह. ही नावे आपल्या ओळखीची वाटतात, म्हणून हा इतिहास आपण मुसलमानांनी जरा निरखून पाहिला पाहिजे.

‘वीजळी’ आणि हाजी कासम

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवी बंदरातून मुंबईला यायला निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळात ही मोठी नवलाई होती, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. द्वारकेला आणखी उतारू चढले आणि त्यांची संख्या सातशेच्या वर गेली. त्यात मॅट्रिकच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विद्यार्थी होते. लग्नाची वऱ्हाडेही होती, असे लोकपरंपरा सांगते. समुद्र खवळलेला होता. बोट पोरबंदरला न थांबता पुढे गेली. मांगरोळच्या किनाऱ्यावरून ती दिसल्याचे सांगतात. त्यानंतर ती कोणालाच दिसली नाही. मुंबईहून शोधासाठी बोटी पाठवण्यात आल्या, पण ना फळी सापडली, ना प्रेत. सातशेहून अधिक माणसे समुद्राने गिळली आणि त्याची एक खूणही किनाऱ्याला लागू दिली नाही.

सरकारी चौकशीत वादळाचे कारण पुढे आले. बोटीवर जीवरक्षक होड्या आणि साधने पुरेशी नव्हती, हेही पुढे आले. बोट मुंबईच्या शेफर्ड कंपनीची होती. पण लोकांच्या ओठांवर कंपनीचे नाव राहिले नाही. राहिले ते हाजी कासमचे, बोटीचा कप्तान म्हणून ज्याचे नाव सांगितले जाते त्याचे. काठियावाडात त्याच्या नावाने हाक मारणारी गाणी झाली. झवेरचंद मेघाणींनी लोकगीतांच्या संग्रहात त्यांची नोंद केली. पुढे गुणवंतराय आचार्यांनी त्याच्यावर गुजराती कादंबरी लिहिली. दंतकथाही तयार झाली. पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याने कप्तानाला पुढे जाऊ नकोस म्हणून बजावले होते आणि त्याने ते ऐकले नाही, अशी ती कथा. मागाहून अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा या कथेला आधार मिळाला नाही. बोट जिथे थांबलीच नाही, तिथल्या अधिकाऱ्याचा सल्ला कप्तानाने मोडला कसा, हा साधा प्रश्न शंभर वर्षे कोणी विचारला नव्हता.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या गाण्यांत द्वेष नाही. ज्या बायकांनी ती गाणी म्हटली, त्यांनी हाजी कासमला दुःखातला सोबती म्हणून हाक मारली. तुझी बोट गेली, आमची माणसे गेली, तूही गेलास, असा तो सूर आहे. कासम मुसलमान होता म्हणून बोट बुडाली, असे त्या गाण्यांनी कुठे म्हटले नाही. हिंदूंच्या घरी गायलेल्या विलापात एका हाजीचे नाव पिढ्यान् पिढ्या राहिले, हा आपल्या किनाऱ्याचा इतिहास आहे.

‘रामदास’ आणि शेख सुलेमान

दुसरी बोट आपल्या महाराष्ट्राची. १७ जुलै १९४७, आषाढातली अमावास्या. सकाळी आठच्या सुमाराला ‘रामदास’ बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ज्या कंपनीची ही बोट होती तिला कोकणातली माणसे प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. पाऊस आणि वारा यांनी जोर केला होता. काशाच्या खडकाजवळ बोट कलली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबई शहराला आपल्या दारात घडलेल्या या अनर्थाची कित्येक तास कल्पनाच नव्हती. वाचून किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून ती बातमी कळली आणि मग लोकांनी धक्क्याकडे धाव घेतली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांतली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर घेतले, असे त्या पट्ट्यात आजही सांगतात.

या बोटीच्या कप्तानाचे नाव शेख सुलेमान इब्राहिम. ती वेळ कोणती होती ते आठवा. फाळणीला महिना उरला नव्हता. पंजाब पेटला होता, कलकत्ता आणि नोआखालीच्या जखमा ओल्या होत्या. रमजान तोंडावर आला होता. अशा दिवसांत एका मुसलमान कप्तानाच्या हाताखालची बोट बुडाली. त्यात बहुसंख्य हिंदू उतारू होते. अफवेला यापेक्षा सुपीक जमीन कोणती असणार?

पण आज अलिबाग-रेवसच्या बाजूला ‘रामदास’ची कहाणी ऐका. माणसे अमावास्येबद्दल बोलतात, पावसाबद्दल, काशाच्या खडकाबद्दल, पोहत आलेल्यांबद्दल आणि कोळ्यांच्या माणुसकीबद्दल बोलतात. कप्तानाच्या धर्मावरून ती कहाणी कोणी सांगत नाही. असे का झाले असावे? आमच्या मते याचे एक कारण असे, की इथे खबर उशिरा का होईना, पण आली. वाचलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. प्रेते किनाऱ्याला लागली, ओळख पटली, दफन आणि दहन झाले. दुसरे कारण असे, की कोकणचा माणूस बोटीवरच्या मुसलमान तांडेलाला आणि सारंगाला रोज पाहत होता. ओळखीच्या माणसाबद्दल वाटेल ते बोलायला जीभ सहज वळत नाही.

डोंगरात हरवलेली विमाने

पुढे आगबोटींच्या जागी विमाने आली. आम्हा कोल्हापूरकरांना विमान तसे जुने. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. पण विमानाने प्रवास करणारी माणसे मोजकी होती. विमान म्हणजे आकाशात बोट दाखवून पोरांना दाखवायची गोष्ट. त्यामुळे विमान हरवले तरी सामान्य माणसाच्या घरापर्यंत त्याची झळ पोहोचत नसे.

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून मुंबईला येणारे इटलीचे विमान सांताक्रूझला उतरलेच नाही. ऐन पावसाळा होता. शोध घेतल्यावर त्याचे अवशेष जुन्नरजवळच्या डोंगरात सापडले. ९४ माणसे ठार झाली होती. मुंबई जवळ आली असे वैमानिकाला वाटले आणि त्याने विमान वेळेआधी खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आज जुन्नर परिसराबाहेर ही घटना फारशी कोणाला माहीत नाही. कारण समजले, त्यामुळे गोष्टही तिथेच संपली.

२४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. ११७ माणसे गेली. त्यात डॉ. होमी भाभा होते. विमानाच्या स्थानाविषयी नियंत्रण कक्ष आणि वैमानिक यांच्यात गैरसमज झाला, हे चौकशीत दिसले. पण भाभांसारखा माणूस गेल्यामुळे परकीय हेरखात्याच्या कटाची चर्चा सुरू झाली ती आजवर थांबलेली नाही. मेलेला माणूस मोठा असला की साधे कारण लोकांच्या गळी उतरत नाही.

एमएच ३७०

या सगळ्याचा कळस ८ मार्च २०१४ रोजी झाला. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशियाचे बोइंग ७७७ विमान मध्यरात्रीनंतर रडारवरून नाहीसे झाले. २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी मिळून २३९ जीव. दीडशेहून अधिक प्रवासी चिनी होते. पाच भारतीय होते, त्यात महाराष्ट्रातलीही माणसे होती. लष्करी रडारच्या नोंदी तपासल्यावर कळले की विमान मागे वळून मलेशियाचा भूभाग ओलांडून अंदमानच्या समुद्राकडे गेले. आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने अंदमानच्या बाजूला शोध घेतला. पुढे उपग्रहाच्या संकेतांवरून हिशेब झाला की ते पुढे सकाळपर्यंत उडत राहिले आणि दक्षिण हिंदी महासागरात संपले. २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी तसे जाहीर केले. कित्येक नातेवाइकांना ही बातमी मोबाईलवरच्या संदेशाने कळवण्यात आली.

सारे जग या शोधात उतरले. लाखो लोक आपापल्या घरी बसून उपग्रहाची छायाचित्रे न्याहाळू लागले. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक नारळ घेऊन आला. त्याच्यावर मलेशियाच्या धार्मिक खात्यानेच टीका केली. मशिदी, चर्च, देवळे आणि बौद्ध विहार यांत दुआ आणि प्रार्थना झाल्या. हे सगळे माणसाच्या स्वभावाला धरूनच होते.

पण त्याचबरोबर दुसरेही काही सुरू झाले. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढले होते आणि ते इराणी होते, हे कळताच जगभर एकच ओरड झाली. रूपर्ट मर्डोक यांच्यासारख्या माध्यमसम्राटाने दोन-तीन दिवसांत जिहादींकडे बोट दाखवले. ११ मार्चला इंटरपोलने सांगितले की हे दोघे दहशतवादी वाटत नाहीत, युरोपात आसरा शोधायला निघालेले तरुण दिसतात. तोवर दूरदर्शनच्या वाहिन्यांवर त्यांचा निकाल लागून गेला होता. मग पाळी आली कप्तान झहारी अहमद शाह यांची. त्रेपन्न वर्षांचा, हजारो तास उड्डाण केलेला हा माणूस विरोधी पक्षनेते अन्वर इब्राहिम यांचा समर्थक होता. आदल्याच दिवशी अन्वर यांना न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. त्यांच्या घरी विमान चालवण्याच्या सरावाचे यंत्र होते आणि दक्षिण हिंदी महासागरातल्या काही जागांच्या नोंदी त्यात सापडल्या. ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही आणि तपास करणाऱ्यांनी ती तपासलीही. परंतु २०१८ च्या अंतिम अहवालात चौकशी पथकाने स्पष्ट लिहिले की खरे कारण ठरवता येत नाही. विमान हाताने वळवले गेले, पण कोणाच्या हाताने ते सांगता येत नाही. तिसऱ्या व्यक्तीचा हात नसेलच, असेही म्हणता येत नाही.

त्या मार्चमध्ये आमच्या उर्दू शाळांच्या वर्गांत मुले हमखास एक प्रश्न विचारत. “सर, पायलट अपनेमें का था क्या?” दहा-बारा वर्षांच्या मुलाला विमानाचे काय झाले हे विचारायचे नव्हते. त्याला भीती एवढीच होती की उद्या मैदानावर क्रिकेट खेळताना याचा जबाब आपल्याला द्यावा लागेल. १८८८ साली ज्या कप्तानाच्या नावाने लोक रडले, त्याच्या जागी आता असा कप्तान आला होता ज्याच्या नावामुळे कोल्हापुरातल्या एका पोराला मान खाली घालावीशी वाटत होती.

पण आरशात आपलाही चेहरा पाहू. आपल्या मोहल्ल्यांत, चहाच्या टपऱ्यांवर, अगदी शिकलेल्यांच्या बैठकीतही त्या दिवसांत काय बोलले जात होते? अमेरिकेने विमान दिएगो गार्सियाच्या तळावर उतरवून घेतले. हे सगळे मुसलमानांना बदनाम करण्याचे कारस्थान आहे. याला पुरावा काय, असे कोणी विचारत नव्हते. ‘त्यांची’ अफवा आपल्याला टोचली आणि ‘आपली’ अफवा आपल्याला गोड लागली. कुरआनमध्ये सूरह हुजुरातने ताकीद दिली आहे की कोणी खबर आणली तर आधी छाननी करा, नाहीतर अजाणता एखाद्या जमातीचे नुकसान कराल आणि मागून पस्तावाल. ही ताकीद फक्त दुसऱ्यांसाठी आहे, असे आयतीत कुठे आहे?

छाननी न केलेल्या गोष्टीची किंमत काय असते, हे आम्हा कोल्हापूरकरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्याच २०१४ च्या मे-जूनमध्ये मोबाईलवर फिरलेल्या विटंबनेच्या चित्रांवरून कोल्हापूर-पुण्यात भडका उडाला आणि पुण्यात एका निरपराध मुसलमान तरुणाचा जीव गेला. ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून आमच्या शहरात दगडफेक झाली. दोन्ही वेळा कोणी कोणाला विचारले नाही की हे ठेवले कोणी आणि शिक्षा कोणाला.

नाव कोणाचेही असो

कप्तानावर बोट ठेवण्याची सवय फक्त मुसलमान नावापुरती आहे, असे मानणेही अर्धसत्य ठरेल. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. २४२ पैकी एकच माणूस वाचला. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही खटके एकापाठोपाठ बंद झाले आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला तू बंद का केलेस असे विचारले, दुसऱ्याने मी केले नाही असे म्हटले, एवढे त्यात होते. तेवढ्यावर परदेशी वृत्तपत्रांनी मुंबईचे कप्तान सुमीत सभरवाल यांच्याकडे बोट दाखवले. त्यांच्या वृद्ध वडिलांना मुलाच्या अब्रूसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. अहवालाने त्यांच्या मुलावर ठपका ठेवलेला नाही, हे न्यायालयाने बोलून दाखवले. मेलेला कप्तान उत्तर देऊ शकत नाही. कंपनी देऊ शकते, कारखाना देऊ शकतो, सरकार देऊ शकते. म्हणून सगळ्यांना कप्तान सोयीचा असतो. झहारी यांच्या नावावरून आम्हाला जे दुखले, तेच सभरवाल यांच्या वडिलांना दुखले असणार. हे दुखणे आपले तेवढे खरे आणि दुसऱ्याचे नाही, असे म्हणून चालणार नाही.

ज्यांना वाट पाहायची आहे

दूरच्या माणसाला गोष्ट हवी असते. जवळच्या माणसाला मात्र खबर हवी असते. बेपत्ता माणसाच्या घरचे प्रश्न फार साधे आणि फार कठीण असतात. नमाज-ए-जनाजा पढायची का? आपल्या कोकणी भावांच्या शाफई मस्लकात गायबाना जनाजा जायज आहे. हबशाच्या नजाशी बादशहाचा जनाजा मदिन्यात पढला गेला, त्याचा आधार ते देतात. घाटावरचे आम्ही बहुतेक हनफी. आमच्याकडे मय्यत समोर असावी लागते. म्हणजे एकाच जहाजावरून गेलेल्या दोन मुसलमानांपैकी रत्नागिरीच्या घरी जनाजा होईल आणि कोल्हापूरच्या घरी नुसती दुआ-ए-मगफिरत. बुडून मेलेल्याला शहादतचा दर्जा आहे, ही तसल्ली मात्र दोन्ही घरांना सारखी.

बायकोचे काय? हनफी फिक्हमध्ये मफकूद माणूस आपल्या मालमत्तेपुरता जिवंत धरला जातो आणि दुसऱ्याच्या वारशापुरता मेलेला. त्याच्या बायकोने, त्याच्या वयाची माणसे संपेपर्यंत वाट पाहायची, असे जुने मत होते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन्नाजिजा’ या किताबात या बायकांची अडचण मांडली आणि मालिकी मस्लकातला चार वर्षांचा मार्ग घेण्यास वाट करून दिली. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर बायकोला निकाह मोडून घेता येतो, पण तो हुकूमनामा सहा महिने अंमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा परत आला आणि संसाराची तयारी दाखवली तर तो रद्द होतो. कायद्यानेही सहा महिने दार लोटून न घेता किलकिले ठेवले आहे. इतर बाबतीत आपला साक्षीपुराव्याचा कायदा सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरतो. मलेशिया सरकारने मात्र २९ जानेवारी २०१५ रोजीच हा अपघात असल्याचे आणि सर्वजण मरण पावल्याचे मानले, म्हणजे घरच्यांना भरपाईचे मार्ग मोकळे व्हावेत. काही घरांनी ते स्वीकारले, काहींनी नाकारले. त्याच वर्षी जुलैत रियुनियन बेटावर पंखाचा एक तुकडा सापडला. एक लाख वीस हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळून २०१७ मध्ये शोध थांबला, २०१८ मध्ये पुन्हा झाला, २०२५ मध्ये पुन्हा करार झाला. लोक थट्टेने विचारतात, आता कशाला शोधता? घरच्यांना विचारा.

आमच्या हातात शोधबोट नाही, रडार नाही. आमच्या हातात वर्ग आहे आणि फळा आहे. मुलगा विचारतो, पायलट अपनेमें का था क्या, तेव्हा त्याला हो किंवा नाही एवढे सांगून भागत नाही. त्याला हाजी कासम सांगावा लागतो, शेख सुलेमान सांगावा लागतो, आणि मासळी फेकून माणसे वर घेणारे रेवसचे कोळीही सांगावे लागतात. ‘अजून माहीत नाही’ हेही एक पूर्ण उत्तर आहे, हे त्याला शिकवावे लागते. आमच्या पिढीने एवढे केले तरी पुढचे जहाज किंवा विमान हरवेल तेव्हा लोक कप्तानाच्या नावात त्याची जात आणि धर्म शोधणार नाहीत. ज्याची खबर हरवली आहे, त्याच्या दारात जाऊन बसतील आणि घरच्यांसोबत थोडा वेळ वाट पाहतील.